पावसाळ्यात मशीनमधली पिल्लं अंड्यातच का मरतात? (कोंबडी आणि बदक, घरच्या घरी अंडी उबवणं)

तळकोकण
नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ राहतो, परड्यात गावठी कोंबड्या आहेत आणि यंदा खाकी कॅम्पबेल बदकं पण पाळलीत. अंडी उबवायला छोटं मशीन घेतलंय, फॅनवालं, अंडी आपोआप फिरवणारं. प्रश्न असा की जुलैत लावलेल्या अंड्यांमध्ये अठराव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तेव्हा जवळजवळ सगळी भरलेली होती, हालचाल पण दिसत होती. एकविसाव्या दिवशी त्यातली थोडीच बाहेर आली आणि जी आली ती पण चिकट, पोट फुगलेली. उरलेली अंडी दोन दिवस वाट बघून फोडली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं चोच सगळं तयार, पण मेलेली आणि अंड्यात पाणी पाणी. टेंपरेचर ३७.५ वर स्थिर होतं. मशीनसोबतच्या कागदावर लिहिलंय की पाण्याच्या दोन्ही खाचा कायम भरलेल्या ठेवा, तशाच ठेवल्या होत्या.

त्याच कोंबड्यांची, त्याच आठवड्यातली अंडी एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती ती बहुतेक सगळी फुटली, पिल्लं ठणठणीत आहेत. म्हणजे कोंबड्यात दोष नाही, अंड्यात पण नाही. आता बदकाची अंडी लावायचीत, त्याआधी हे नीट समजून घ्यायचंय. इतकी वाढलेली पिल्लं शेवटच्या दोन दिवसांत जावीत याचं फार वाईट वाटतं.

सातारकर
दादा, अठराव्या दिवशी हवेचा कप्पा किती मोठा दिसत होता? म्हणजे अंड्याच्या जाड टोकाकडे जो मोकळा भाग उजळ दिसतो तो. आणि अंड्यांची वजनं घेतली होती का?

तळकोकण
वजनं नाही घेतली. कप्पा अगदी छोटा होता, रुपयाच्या नाण्याएवढा असेल नसेल. सातव्या दिवशी होता त्यापेक्षा फार वाढलाय असं वाटलं नाही.

गुरांचा_डॉक्टर
मग उत्तर तिथंच आहे. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालोय, थोडं सविस्तर लिहितो कारण दर पावसाळ्यात कोकणातून हाच प्रश्न येतो.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. उबवताना त्यातून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि जेवढं पाणी जातं तेवढी हवा आत येते, तोच तो कप्पा. कोंबडीच्या अंड्याचं वजन अठरा दिवसांत साधारण १२ ते १३ टक्के कमी व्हायला हवं आणि कप्प्यानं तोवर अंड्याचा पाव ते एक तृतीयांश भाग व्यापायला हवा. का, तर पिल्लू पहिला श्वास बाहेरच्या हवेत घेत नाही. एकोणीस-वीसाव्या दिवशी ते आतला पडदा चोचीनं फाडून त्या कप्प्यात तोंड घालतं आणि तिथली हवा फुप्फुसात घेतं, तोपर्यंत त्याला प्राणवायू कवचाला चिकटलेल्या रक्तवाहिन्यांतून मिळत असतो. कप्पा छोटा राहिला तर हवा पुरत नाही, आजूबाजूला पाणी उरलेलं असतं, आणि पिल्लू चोच मारायच्या आधीच गुदमरतं. पोट फुगलेलं, बेंबी उघडी, अंग चिकट ही सगळी आर्द्रता जास्त झाल्याची लक्षणं.

आता पावसाळ्याचं गणित बघा. कुडाळला जुलैत खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के धरा. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप जवळपास ५० टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न घालता. आणि पहिल्या अठरा दिवसांत आपल्याला हवी असते ४५ ते ५५. म्हणजे तुमच्याकडे पावसाळ्यात पहिले अठरा दिवस मशीन कोरडं चालवायचं. खाचा भरायच्या त्या शेवटच्या तीन दिवसांसाठी, तेव्हा ६५ ते ७० लागते, नाहीतर पिल्लानं टोच मारल्यावर पडदा वाळून अंगाला आवळतो. मशीनचा कागद कुठल्या हवामानासाठी लिहिलाय देव जाणे, तो तुमच्या घरासाठी नाही एवढं नक्की.

वऱ्हाडवाट
डॉक्टर साहेबांचं कोकणासाठी शंभर टक्के बरोबर, पण हे वाचून आमच्या इकडच्या कोणी मशीन कोरडं ठेवू नका. मी अकोल्याकडचा. आमच्याकडं उन्हाळ्यात तर हवा कोरडी असतेच, पण हिवाळ्यात पण मशीनमधली हवा कोरडीच होते हे लोकांच्या ध्यानात येत नाही कारण बाहेर गार वाटतं. डिसेंबरात खोली १९-२० अंश आणि आर्द्रता ५० असली तरी ती हवा तापून आत २० च्या आसपास येते. पाणी नसलं तर कप्पा अर्ध्या अंड्यापर्यंत जातो आणि पिल्लं लहानखुरी, वाळलेली, पडद्याला चिकटलेली निघतात.

आणखी एक, आमच्याकडचं खरं संकट आर्द्रता नाहीच, ते म्हणजे मे महिना. घरगुती मशीन हवा गरम करू शकतं, थंड करू शकत नाही. खोलीच ४२-४३ झाली तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करून बसतो आणि अंडी तशीच तापत राहतात. अंड्याला काही तास थंडी चालून जाते पण ४०-४१ अंश काही तास झाले की खेळ संपला. म्हणून आम्ही एप्रिलपासून पहिला पाऊस चांगला पडेपर्यंत अंडी लावतच नाही, जुनी माणसं पण दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच कोंबड्या बसवायची. ज्यांना लावायचीच असतील त्यांनी घरातली सगळ्यात थंड, मातीच्या भिंतीची खोली बघावी.

तळकोकण
डॉक्टरकाका, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पण मशीनच्या डिस्प्लेवर ६० दाखवत होतं आणि ते खरं की खोटं हे कळायचं कसं?

सातारकर
त्यावर विश्वास ठेवूच नका. स्वस्त सेन्सर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवतात. तपासायची सोपी पद्धत आहे, एका झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओलसर करा, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि सुटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते, कायम. तुमचा ६८ दाखवत असेल तर तो ७ कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून पुढं वापरा. टेंपरेचर तपासायला तापाचा डिजिटल थर्मामीटर चांगला, तो ३७ च्या आसपासच अचूक असतो आणि आपल्याला तेच हवंय.

पण मी आता आर्द्रतेचा आकडा बघतच नाही, मी वजन बघतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या. दहा गावरान अंडी ४५० ग्रॅम भरली समजा. १२ टक्के म्हणजे ५४ ग्रॅम, अठरा दिवसांत, म्हणजे रोज ३ ग्रॅम. नवव्या दिवशी ४२३ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ३९६ च्या आसपास यायला पाहिजेत. सहाव्या दिवशी वजन पुरेसं उतरलेलं नसेल तर हवेची भोकं मोकळी करा, पाणी काढा. जास्तच उतरलं असेल तर पाणी वाढवा. वजन घेताना एक ध्यानात ठेवा, मधेच रिकामी अंडी काढली तर ती हिशोबातून पण काढायची, म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं नंबर आणि सुरुवातीचं वजन लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही. पेनानं नको, शाई आत जाते.

मी हे परत परत सांगतो कारण खोली, ऋतू, मशीन, सेन्सर सगळं बदलतं. अंड्यातून पाणी किती गेलं हे फक्त अंडंच सांगतं.

आजोळ
मला मशीनमधलं फार कळत नाही पण खुडूक कोंबडीचं कळतं, म्हणून लिहिते. खुडूक कोंबडी अंड्यांवरून रोज एकदा उठते, दाणा-पाणी-शी करून पंधरा-वीस मिनिटांत परत येते, तेवढ्यात अंडी गार होतात, आणि बसल्यावर चोचीनं ती दिवसभर उलटीपालटी करत राहते. पावसाळ्यात टोपली ओसरीवर कोरड्या जागी ठेवायची, खाली भाताचं तूस, त्यात चुलीतली राख मिसळायची म्हणजे कोंबडीला पिसवा होत नाहीत. पिसवा झाल्या की ती मधेच अंडी सोडून उठते आणि सगळं वाया जातं. बसवायची ती संध्याकाळी अंधार पडताना, दिवसा बसवली तर बिथरते. एका कोंबडीखाली दहा-बारा स्वतःची अंडी ठीक, लोभानं जास्त ठेवली तर कडेची गार राहतात. आणि सगळी अंडी एकाच दिवशी खाली ठेवली पाहिजेत, रोज एक एक टाकत गेलं तर पहिली फुटली की ती बाकीची सोडून पिल्लांमागे जाते.

मशीन घ्या पण खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून, टांगून तिचं खुडूकपण मोडायचं ते बंद करा एवढी विनंती. ती बसायला तयार आहे तर तिला बसवा.

बदकवाली
तळकोकण, बदकांसाठी थांबलात ते बरं केलंत. मी रायगडातली, घरी भातखाचरं आहेत आणि बदकं माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत.

बदकाची अंडी २८ दिवस घेतात, मस्कोव्ही जातीची ३५. खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर या जातीच्या माद्या अंडी भरपूर देतात पण स्वतः बसत नाहीत, त्यांची अंडी मशीनमध्ये किंवा खुडूक कोंबडीखाली. मस्कोव्ही मात्र स्वतः उत्तम बसते. कोंबडीखाली ठेवायची तर सहा-सातच, कारण अंडं मोठं, तिला फिरवायला जड जातं, दिवसातून दोनदा तुम्हीच हातानं फिरवा. आणि बिचारी एक आठवडा जास्त बसणार म्हणून तिला रोज उचलून मका-ज्वारी आणि पाणी द्या, नाहीतर खंगते.

बदकाच्या अंड्याला सगळ्यात मोठा त्रास घाणीचा. बदकं बहुतेक पहाटे, सकाळी आठ-नऊच्या आत अंडी घालतात, म्हणून तोपर्यंत त्यांना कोंडूनच ठेवायचं आणि खाली रोज कोरडा पेंढा. मोकळी सोडली तर चिखलात अंडं टाकतात. मळकं अंडं उबवायला घेऊच नये, थोडं माखलेलं असेल तर कोरड्या खरखरीत कापडानं पुसा. धुवायचं नाही, कवचावर एक पातळ संरक्षक थर असतो तो जातो, आणि गार पाण्यानं धुतलं तर अंडं आतून आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. तसं अंडं दोन आठवड्यांनी सडून मशीनमध्ये फुटतं आणि बाकीची सगळी खराब करतं. मी दर आठवड्याला टॉर्चबरोबर नाकानं पण तपासते, वास आला की ते अंडं बाहेर.

टेंपरेचर ३७.५ च. वजन २५ दिवसांत १३-१४ टक्के उतरलं पाहिजे, सातारकरांची पद्धत तीच. आठव्या-नवव्या दिवसापासून मी रोज एकदा मशीन उघडून दहा-पंधरा मिनिटं अंडी गार होऊ देते, बदकी उठून पाण्यात जाते तसं. बरेच जण कोमट पाण्याचा फवारा पण मारतात, उन्हाळ्यात मी मारते, पावसाळ्यात नाही. पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद, पाणी भरायचं, झाकण बंद. टोच मारल्यापासून बाहेर यायला बदकाला एक ते दोन दिवस लागतात, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त, तेव्हा घाबरू नका.

दोन्ही एकाच मशीनमध्ये लावायची असतील तर बदकाची सात दिवस आधी लावा. म्हणजे कोंबडीचा अठरावा आणि बदकाचा पंचविसावा दिवस एकच येतो. जमतं, पण पहिल्यांदा करताना वेगवेगळी लावलीत तर वजनाचा अंदाज नीट बसेल.

गच्चीवरून
मी नवी मुंबईत राहते, मुलीला अंड्यातून पिल्लू येताना दाखवायचंय. दुकानातली ब्राऊन अंडी लावली तर चालतील का? फ्रिजमध्ये आहेत.

सातारकर
ताई, नाही होणार. दुकानातली अंडी लेअर फार्मची असतात, तिथं पिंजऱ्यात नुसत्या माद्या, कोंबडा नसतोच. ब्राऊन रंग म्हणजे गावरान असं पण नाही, तो जातीचा रंग आहे. खेड्यातून आणायची, जिथं आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा मोकळा फिरतोय. आणि फ्रिजमधली नकोत, उबवायच्या अंड्याला १५-१८ अंश चांगले, फ्रिज फारच थंड. निमुळतं टोक खाली ठेवून सात दिवसांच्या आत लावायची, त्यानंतर दर दिवसाला फुटण्याचं प्रमाण घसरतं. प्रवासातून आणलीत तर एक दिवस शांत ठेवून मग लावा.

बदकवाली
आणि लावायच्या आधी पिल्लांचं पुढं काय करणार ते ठरवा. निम्मे नर निघणार, सोसायटीत कोंबडा पहाटे ओरडला की शेजारी तक्रार करणारच. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी हे ऐकून निवडू नका, तसं काही नसतं. ज्यांच्याकडून अंडी आणाल त्यांनाच पिल्लं परत देता येतात का ते आधी विचारा. मुलीला मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून दाखवा, लाल रेषांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका, पिल्लू बाहेर येण्याइतकंच ते बघण्यासारखं असतं.

मांडवीकाठ
गोव्याहून. मला एक विचारायचंय, पिल्लानं टोच मारून दहा-बारा तास झाले आणि पुढे काहीच नाही, तर कवच सोलून मदत करावी की नाही? आमच्या घरी यावर दरवेळी वाद होतो.

गुरांचा_डॉक्टर
बहुतेक वेळा करू नये. टोच मारल्यावर पिल्लू थांबतं ते विश्रांतीसाठी नव्हे, त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात परत घेतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. तुम्ही सोललंत तर वाहिन्या फुटतात, रक्तस्राव होतो, बलक बाहेर राहतो. कोंबडीच्या पिल्लाला टोचपासून २४ तास द्या. झाकण उघडून बघत बसलात तर आर्द्रता पडते आणि पडदा वाळतो, म्हणजे अडचण आपणच तयार करतो.

२४ तासांनंतर पडदा पिवळट, कागदासारखा कोरडा झालेला असेल आणि पिल्लू आवाज करत असेल तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं पडदा ओला करावा. लाल रेघ दिसली की तिथंच थांबायचं.

वऱ्हाडवाट
मी थोडं वेगळं म्हणतो. टोच निमुळत्या टोकाकडं मारली असेल तर पिल्लू उलटं आहे, तिकडं हवेचा कप्पा नाही. अशा वेळी मी टोचेच्या जागी हरभऱ्याएवढं भोक मोकळं करून ठेवतो, श्वासापुरतं, बाकी त्याचं त्याला करू देतो. त्यातली काही वाचतात.

गुरांचा_डॉक्टर
ते मान्य. श्वासापुरती वाट करून देणं वेगळं आणि सोलून काढणं वेगळं.

परदेशी_परसदार
मी उत्तर कॅरोलिनात असते, इथं बऱ्याच जणांच्या घरामागे कोंबड्या असतात. वरती बलक पोटात ओढून घेतं हे वाचून लिहावंसं वाटलं, त्याच बलकाच्या जोरावर इथं एक दिवसाची पिल्लं पोस्टानं पाठवतात, १९१८ पासून. दोन-तीन दिवस त्यांना खाण्यापिण्याशिवाय चालतं. म्हणून पहिलं पिल्लू निघालं की लगेच खायला घालायला झाकण उघडायची गरज नाही, अंग वाळून फुलेपर्यंत आतच राहू दे, तोवर बाकीची पण निघतात.

तळकोकण
अपडेट देतोय. कोंबडीची नवीन अंडी कोरड्या मशीनमध्ये लावली, काटा आणला, सातारकरांनी सांगितलं तसे नंबर घातले. बाहेर धो धो पाऊस होता तरी वजन अगदी ठरल्यासारखं उतरत गेलं. कप्पा या वेळी मोठा आणि स्पष्ट दिसला. अठराव्या दिवशी पाणी भरलं. यावेळी बहुतेक पिल्लं स्वतः बाहेर आली, कोरडी, बेंबी मिटलेली. काही अंड्यांत अजून मेली आहेत पण जुलैच्या तुलनेत फारच कमी. सगळ्यांचे खूप खूप आभार.

आता दोन प्रश्न. पिल्लांना लस कुठली आणि कधी? आणि बदकाची अंडी आता सव्विसाव्या दिवसात आहेत, एकाला टोच दिसतेय, आणि इकडे लाईट गेलीय. इन्व्हर्टर दोन-तीन तास चालेल. काय करू?

बदकवाली
आधी लाईटचं. झाकण अजिबात उघडू नका, हवेची भोकं बंद करू नका. वरून चादर घाला, भोकं सोडून. इतकी मोठी पिल्लं आतून स्वतः उष्णता तयार करतात, त्यामुळे तीन-चार तास सहज निघतात. इन्व्हर्टर आत्ता वापरू नका, आतलं टेंपरेचर ३४ च्या खाली गेलं की मग थोडा थोडा वेळ लावा. त्याहून लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न चिकटवता. बाहेर यायला थोडा उशीर होईल इतकंच. आणि बदकाच्या पिल्लांसाठी खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात, गोणपाट घाला. पहिले काही आठवडे पोहायला सोडू नका, मशीनच्या पिल्लांना आईच्या अंगाचं तेल मिळालेलं नसतं, भिजून गारठतात. पिण्याचं भांडं मात्र चोच नाकपुडीपर्यंत बुडेल एवढं खोल ठेवा. मक्याचा भरडा पावसाळ्यात बुरशीचा नाही ना ते रोज बघा, बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर मारतं. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर त्यात थोडं यीस्ट मिसळा, बदकांना नियासिन (एक जीवनसत्त्व) जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकडे होतात.

गुरांचा_डॉक्टर
लस: कोंबडीच्या पिल्लांना पाच ते सात दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची. आठव्या आठवड्यात मानमोडीची पुढची, आर टू बी, ही टोचायची असते. कुपी शंभर किंवा जास्त डोसची येते आणि उघडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच सकाळी करा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा. आणताना बर्फात आणा. बदकांना मानमोडीची नको, त्यांची डक प्लेगची वेगळी लस आठव्या आठवड्यानंतर.

ब्रूडरला (पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्याला) पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय.

तळकोकण
लाईट आली आत्ताच. आतलं ३५.१ पर्यंत उतरलं होतं, झाकण उघडलं नाही. दुसऱ्या अंड्याला पण टोच पडलीय. यीस्ट म्हणजे पाव करायचं तेच ना? आणि किलोला किती घालू?

बदकवाली
पावाचं जिवंत यीस्ट नको, पोटात फुगतं. ब्रुअर्स यीस्ट मागा, ते मेलेलं असतं, पशुखाद्याच्या किंवा औषधाच्या दुकानात मिळेल. एक किलो खाद्याला ५० ते ७५ ग्रॅम, आठ-दहा आठवडे.